वकीलबाईंना विचारा : मनाचा ताबा सुटायला किती वेळ लागतो?

गेल्या अंकात भारतीय न्याय संहितेतल्या खुनाच्या कलमांवर लिहिताना मी इंग्लंडच्या कायद्याचा ओझरता उल्लेख केला होता. तिथं खुनाला जन्मठेपेशिवाय दुसरी शिक्षा नाही, पण काही बचाव असे आहेत की ते मान्य झाले तर आरोपी सुटत नाही, खुनाचा मनुष्यवध, म्हणजे त्याहून हलका गुन्हा होतो, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गावं छापते.

प्रश्न (गुहागर) : माझी मुलगी इंग्लंडमध्ये कायदा शिकते आहे. ती फोनवर म्हणाली की, तिकडे नुसता पाय मोडायच्या इराद्यानं मारलं आणि माणूस दगावला तरी तो खूनच. मला पटत नाही. जीव घ्यायचाच नव्हता तर खून कसा?

उत्तर : तुमची लेक बरोबर सांगते आहे. इंग्लंडात खुनाची व्याख्या आपल्यासारखी कलम म्हणून लिहिलेली नाही. सतराव्या शतकात सर एडवर्ड कोक यांनी ती मांडली आणि पुढं न्यायालयांच्या निकालांतून ती घडत गेली. बेकायदेशीरपणे माणूस मारला, आणि मारणाऱ्याचा उद्देश एकतर जीव घ्यायचा किंवा गंभीर दुखापत करायचा होता, एवढं सिद्ध झालं की खून. १९५७ च्या व्हिकर्स निकालात हे ठाम झालं. पुढं पबमध्ये खुर्चीनं केलेल्या मारहाणीत एकाचा जीव गेला, ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथंही हेच कायम राहिलं.

आपल्याकडे रेषा वेगळ्या जागी आहे. नुसता गंभीर दुखापतीचा उद्देश पुरत नाही. जी जखम करायची होती ती सर्वसाधारणपणे मृत्यू यायला पुरेशी असावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं १९५८ साली विरसा सिंगच्या खटल्यात हे कसं तपासायचं ते घालून दिलं आणि आजही सत्र न्यायालयात त्यावरच गाडी चालते.

माझ्या वकिलीतलं एक प्रकरण सांगते. दोन सख्ख्या भावांच्या बागांमधल्या बांधावर काजूची झाडं होती. बिया कोणी गोळा करायच्या यावरून बाचाबाची झाली आणि धाकट्यानं कोयतीची मागची बाजू थोरल्याच्या नडगीवर घातली. हाड मोडलं. थोरला दवाखान्यात दाखल झाला, जखम चिघळली आणि काही दिवसांनी तो गेला. पोलिसांनी ३०२ लावलं. मुद्देमालाची कोयती कोर्टात आली तेव्हा तिच्या मुठीला बांधलेली सुतळीसुद्धा तशीच होती. सगळा खटला डॉक्टरांच्या साक्षीवर येऊन थांबला. त्यांना मी तोच प्रश्न विचारला जो आम्ही सगळेच विचारतो: ‘ही जखम सर्वसाधारण परिस्थितीत मृत्यू येण्यास पुरेशी होती का?’ डॉक्टर म्हणाले, नाही. खुनाचा आरोप गळाला आणि शिक्षा गंभीर दुखापतीची झाली. हेच इंग्लंडात घडलं असतं तर माझ्या त्या प्रश्नाला काही किंमत नव्हती. नडगी मोडायची होती ना? मग खून.

शिवाय आपल्याकडे खुनाच्या व्याख्येलाच पाच अपवाद जोडलेले आहेत. त्यांतला एक अचानक उद्‌भवलेल्या मारामारीचा: आधी ठरवलेलं नाही, रागाच्या भरात झालं, आणि आरोपीनं गैरफायदा घेतला नाही की क्रौर्य केलं नाही, तर खून नाही, सदोष मनुष्यवध. दुसरा स्वसंरक्षणाचा हक्क सद्‌भावनेनं वापरताना मर्यादा ओलांडल्याचा. इंग्लंडात हे दोन्ही नाहीत. स्वसंरक्षणात जास्त बळ वापरलं म्हणून खुनाचा मनुष्यवध करा, ही मागणी १९९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं क्लेग या सैनिकाच्या प्रकरणात स्पष्ट नाकारली.

आणि शिक्षा? १९६५ च्या कायद्यानं तिथं खुनाची फाशी गेली आणि तिच्या जागी सक्तीची जन्मठेप आली. न्यायाधीश फक्त किमान किती वर्षं आत राहायचं ते ठरवतात. प्रौढ आरोपीसाठी हिशोब साधारण पंधरा वर्षांपासून सुरू होतो, घटनास्थळी सुरा बरोबर नेला असेल तर पंचवीस, बंदूक वापरली तर तीस, आणि अगदी भयंकर प्रकरणांत मरेपर्यंत. बाहेर आल्यावरही सुटकेच्या परवान्याच्या अटी आयुष्यभर पाठीशी. मनुष्यवध ठरला तर मात्र न्यायाधीशाचे हात मोकळे होतात, आरोपीची परिस्थिती बघून ते खूप कमी शिक्षासुद्धा देऊ शकतात. म्हणून तिथले वकील त्या अर्ध्या बचावांसाठी जिवाचं रान करतात.

प्रश्न (चिपळूण) : आमच्या बचत गटाच्या बैठकीत किरणजीत अहलुवालियाचा विषय निघाला. नवरा झोपलेला असताना तिनं त्याला पेटवलं. तिला आधी जन्मठेप झाली आणि मग ती सुटली. हे कसं? आणि आपल्याकडच्या बाईला असं काही मिळेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रासाठी या वेळी जास्त जागा घेते. हा प्रश्न मला स्वतःला फार जवळचा आहे.

किरणजीत मूळची पंजाबची, लग्न होऊन इंग्लंडला गेली. दहा वर्षं मार खाल्ला. दोनदा कोर्टातून मनाई हुकूम आणला, तरी मार थांबला नाही. मे १९८९ मधल्या त्या रात्री नवऱ्यानं तापलेली इस्त्री तिच्या तोंडाजवळ धरली आणि पैसे मिळाले नाहीत तर सकाळी बघून घेतो अशी धमकी देऊन झोपला. तिनं मध्यरात्री पेट्रोल आणून त्याच्या अंथरुणावर टाकलं आणि पेटवून दिलं. काही दिवसांनी तो मेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती खुनाची दोषी ठरली.

तेव्हा इंग्लंडात प्रक्षोभाचा, म्हणजे समोरच्यानं चिथावल्याचा, बचाव होता, पण त्याची मोजपट्टी १९४९ च्या डफी खटल्यातली होती. न्या. डेव्हलिन यांनी ज्युरीला सांगितलं होतं की, मनाचा ताबा अचानक आणि तात्पुरता सुटलेला हवा. डफीसुद्धा मार खाणारी बायको होती आणि तिचाही नवरा अंथरुणावर असताना मारला गेला होता, हे विसरू नका. नियम तयार झाला तो तिलाच बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला.

हा नियम कोणासाठी सोयीचा आहे, बघा. कोणी आईवरून शिवी दिली, हाताशी होतं ते उचललं आणि घातलं. त्यात ताबा अचानक सुटतो, कारण समोरच्याशी दोन हात करायची ताकद अंगात असते. जिला माहीत आहे की समोरासमोर हात उचलला तर आपलाच जीव जाईल, ती तिथल्या तिथं उलटून मारत नाही. ती थांबते. तो झोपेपर्यंत थांबते. आणि कायदा म्हणतो, थांबलीस म्हणजे डोकं शांत झालं होतं, म्हणजे तू बदला घेतलास. मी आरोपीच्या पिंजऱ्यात अशा बाया पाहिल्या आहेत. न्यायाधीशांनी विचारलं तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि सरकार पक्ष त्या गप्प राहण्यालाच थंड डोक्याचा पुरावा म्हणून दाखवतो. मला हे तेव्हाही चूक वाटत होतं, आजही वाटतं.

१९९२ साली अपील कोर्टानं किरणजीतचा प्रक्षोभाचा मुद्दा मान्य केला नाही. इतकंच म्हटलं की मध्ये वेळ गेला एवढ्यावरून बचाव आपोआप बाद होत नाही, पण जितका वेळ जास्त तितकं पटवणं अवघड. ती वाचली ती दुसऱ्या, मानसिक आजाराच्या बचावावर. तिला तीव्र नैराश्य होतं असं सांगणारे वैद्यकीय अहवाल मूळ खटल्यात मांडलेच गेले नव्हते. ते आता पुढं आले, फेरखटल्याचा हुकूम झाला, तिची मनुष्यवधाची कबुली सरकार पक्षानं स्वीकारली आणि तीन वर्षं चार महिने भोगून झालेलीच शिक्षा पुरेशी धरली गेली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेनं तिच्यासाठी मोठी चळवळ केली होती.

हा दुसरा बचाव १९५७ च्या होमिसाइड अ‍ॅक्टमधला. मान्यताप्राप्त वैद्यकीय आजारामुळे आपण काय करतो आहोत हे कळण्याची, सारासार विचाराची किंवा मनाला आवर घालण्याची क्षमता बरीच कमी झाली होती, आणि त्यामुळेच हातून हे घडलं, असं आरोपीला दाखवावं लागतं. सिद्ध करायचं ओझं आरोपीवर, फक्त संशयापलीकडे नाही, शक्यतेचं पारडं झुकेल इतकं.

पुढं २००९ च्या कॉरोनर्स अँड जस्टिस अ‍ॅक्टनं प्रक्षोभ रद्द करून ‘ताबा सुटणं’ हा नवा बचाव आणला. तो ४ ऑक्टोबर २०१० पासून लागू आहे. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की, ताबा अचानक सुटला की नाही याला महत्त्व नाही. कारणं दोन चालतात: गंभीर हिंसेची भीती, किंवा अत्यंत गंभीर स्वरूपाचं असं काही घडलं वा बोललं गेलं की आपल्यावर मोठा अन्याय झाला असं वाटणं रास्त ठरावं. वर, त्याच वयाचा आणि लिंगाचा, सर्वसाधारण सहनशीलतेचा दुसरा कोणी त्या परिस्थितीत असाच वागला असता का, हेही ज्युरी बघते. विचारपूर्वक घेतलेला सूड असेल तर बचाव नाही. इथं आरोपीनं मुद्दा उभा राहील इतका पुरावा दिला की तो खोडून काढायची जबाबदारी सरकार पक्षावर येते.

कायदा पुढं गेला, पण अर्ध्यावर थांबला असं माझं मत आहे. ताबा सुटलेलाच हवा ही अट राहिलीच. इंग्लंडच्या लॉ कमिशननं २००६ च्या अहवालात ती अट काढून टाका असं सुचवलं होतं, संसदेनं ऐकलं नाही. दहा वर्षांच्या भीतीनं पार पिचलेल्या बाईचा ताबा सुटलेला दिसेलच असं नाही. सॅली चॅलनचं उदाहरण घ्या. तिनं २०१० साली नवऱ्याला हातोड्यानं मारलं. घरात सतत धाकात ठेवणं हा तिथं २०१५ साली स्वतंत्र गुन्हा झाला, त्यानंतर तिचं सगळं वैवाहिक आयुष्य नव्यानं तपासलं गेलं. २०१९ साली तिची खुनाची शिक्षा रद्द झाली, पण शेवटी तिचीही मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली ती मानसिक आजाराच्या आधारावरच. म्हणजे बाईनं आधी स्वतःला आजारी ठरवायचं, मग कायदा तिचं ऐकणार. मार खाऊन घाबरणं हा आजार नाही हो.

आता आपल्याकडचं. आपल्या अपवादात अजूनही ‘गंभीर आणि अचानक’ प्रक्षोभ हेच शब्द आहेत. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ ला न्याय संहिता आली, खुनाच्या व्याख्येचं कलम तीनशेचं एकशे एक झालं, हे शब्द तसेच राहिले. मानसिक आजाराचा अर्धा बचाव आपल्याकडे नाहीच. वेडेपणा पूर्ण सिद्ध करा, नाहीतर काही नाही. १९८९ साली मद्रास उच्च न्यायालयानं मात्र दीर्घकाळ साचत गेलेला प्रक्षोभही विचारात घेता येतो अशी भूमिका घेतली आणि आम्ही बचावाचे वकील त्या निकालाचा आधार घेतो. एका उच्च न्यायालयाच्या निकालावर किती बायांचं नशीब ठेवायचं? हे संहितेत यायला हवं होतं.

आणि तुमच्या बचत गटासाठी एक सांगणं. ज्या घरात मारहाण चालू आहे तिथल्या बाईला प्रत्येक वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि ‘पाय घसरून पडले’ असं लिहू देऊ नका. केसपेपर जपून ठेवा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज द्या, महिलांसाठी १८१ नंबर आहे. आज ती जिवंत आणि सुरक्षित राहावी यासाठी हे आधी, आणि उद्या काही विपरीत घडलंच तर कोर्टात तिच्या बाजूनं बोलणारा तोच कागद असतो.

प्रश्न (मालवण) : बायकोचं लफडं कळल्यावर नवऱ्यानं रागात मारलं तर इंग्लंडात माफी मिळते असं एक मित्र ठामपणे सांगतो. आपल्याकडे नानावटी सुटलाच ना?

उत्तर : दोन्ही चूक. २००९ च्या त्याच कायद्यात लिहिलं आहे की, ताबा सुटण्याचं कारण म्हणून जोडीदाराचं लैंगिक बेइमान वागणं धरायचं नाही. २०१२ च्या क्लिंटन निकालानं एवढं मोकळं केलं की, दुसरं मान्य कारण असेल तर संदर्भ म्हणून ते बघता येईल. एकट्यानं नाही.

नौदल अधिकारी नानावटीनं बायकोच्या प्रियकराला, आहुजाला, गोळ्या घातल्या. त्याला ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं होतं, पण न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथं खून ठरला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. बायकोनं सांगितल्यावर तो तिला आणि मुलांना सिनेमाला सोडून आला, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग आहुजाच्या घरी गेला. मध्ये सुमारे तीन तास गेले. राग निवायला तेवढा वेळ पुरे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढं राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं त्याच निकालात असंही म्हटलं की, मृताच्या आधीच्या वागण्यातून तयार झालेली मनाची पार्श्वभूमी विचारात घेता येते. हे वाक्य वर चिपळूणच्या ताईंना सांगितलेल्या बायांच्या फार कामाचं आहे.

प्रश्न (हर्णै) : मी तांडेल आहे. पूर्वी गलबत बुडाल्यावर उपाशी खलाशांनी आपल्यातल्याच एकाला मारून खाल्लं आणि इंग्रजांच्या कोर्टानं त्यांना सोडलं, असं आमच्या बोटीवर एक जण सांगत होता. खरं काय?

उत्तर : तांडेलभाऊ, घटना खरी आहे, सोडल्याचं खरं नाही. १८८४ साली मिन्योनेट नावाची लहान नौका इंग्लंडहून सिडनीला निघाली होती. दक्षिण अटलांटिकमध्ये ती बुडाली. चौघे उघड्या होडीत उतरले. बरोबर सलगमचे दोन डबे, पाणी अजिबात नाही. मध्ये एक कासव मिळालं. तीन आठवडे होत आले तेव्हा कप्तान डडली आणि त्याचा दुय्यम (मेट) स्टीफन्स यांनी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्कर या पोराला मारलं. खारं पाणी पिऊन तो आधीच निपचित पडला होता. तिसऱ्यानं मारण्याला होकार दिला नाही. पुढं काही दिवसांत एका जर्मन जहाजानं तिघांना उचललं आणि फॅल्मथला उतरवलं. कप्तानानं काही लपवलं नाही, दर्यावर अशी चाल आहे असाच त्याचा समज होता.

खलाशी समाजाची सहानुभूती त्यांच्या बाजूनं होती. लॉर्ड कोलरिज यांनी तरीही निकाल दिला की, स्वतः जगण्याची गरज हा दुसऱ्याला मारण्याचा बचाव होत नाही. कोणाचा जीव कमी मोलाचा हे कोणी ठरवायचं? आणि त्यांनी निवडला तो सगळ्यांत दुबळा. फाशी ठोठावली गेली, पण सरकारनं ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली. तो नियम आजही उभा आहे. ‘मला मारून टाकण्याची धमकी दिली म्हणून मी दुसऱ्याला मारलं’ हा बचावही खुनाला चालत नाही, हे हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९८७ साली सांगितलं. डडलीला मी खुनी म्हणेन, पण दोन डब्यांवर होडीत राहिलेल्या त्या माणसाला आणि लुटीसाठी मारणाऱ्याला कायद्यात एकच नाव असावं हे मला जड जातं. शिक्षेची दुरुस्ती राणीच्या दयेवर सोडावी लागली, यातच त्या कायद्याचा तोकडेपणा दिसतो.

प्रश्न (देवगड) : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या भागात एका बाईनं लेकरांना घेऊन विहिरीत उडी टाकली. लेकरं गेली, ती वाचली. तिच्यावर खुनाचा गुन्हा. इंग्लंडात तिचं काय झालं असतं?

उत्तर : पोरं किती वर्षांची, यावर बरंच काही. तिथं १९३८ चा इन्फंटिसाइड अ‍ॅक्ट आहे. मूल बारा महिन्यांच्या आतलं असेल आणि बाळंतपणातून किंवा अंगावर पाजण्याच्या परिणामातून पूर्ण न सावरल्यामुळे आईच्या मनाचा तोल गेलेला असेल, तर खून धरत नाहीत. मूल त्याहून मोठं असेल तर वर सांगितलेला मानसिक आजाराचा बचाव.

आपल्याकडे असं वेगळं कलम नाही. नणंदेशी भांडण होऊन तीन मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या बाईला खुनाची दोषी ठरवल्याचा १९५३ सालचा मध्य भारतातला निकाल आम्हाला शिकवला जायचा. मद्रासच्या ज्या निकालाचा मी वर उल्लेख केला, तोही अशाच विहिरीच्या घटनेवरचा. या बाईसाठी तुम्ही करू शकाल असं एक काम आहे. तुमच्या नोंदवहीत तिच्या घरच्या भेटी असतील. ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, मुलाला जवळ घेत नव्हती असं काही लिहिलेलं असेल तर ते तिच्या वकिलाला तारखेसकट सांगा. वकील करायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला विनामूल्य वकील मिळतो. स्त्री म्हणून तो तिचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

प्रश्न (जयगड) : शिमग्यात पालखीवरून दोन वाड्यांत मारामारी झाली, मारणारा दारू प्यालेला होता. दारूमुळे शिक्षा कमी होते का?

उत्तर : स्वतःहून प्यालेल्या दारूचा फायदा ना इथं ना तिथं. इंग्लंडात नशेतला उद्देशही उद्देशच. इतकी चढली होती की उद्देश मनात आलाच नाही, असं ज्युरीला वाटलं तरच खुनाचा मनुष्यवध होतो. दारूचं व्यसन हा वैद्यकीय आजार म्हणून सिद्ध झाला तर मानसिक आजाराच्या बचावात तो बघतात, एका रात्रीची नशा बघत नाहीत. आपल्याकडे नशेत असलेल्यालाही शुद्धीतल्या माणसाइतकी जाणीव होती असंच धरतात. तुमच्या प्रकरणात दारूपेक्षा अचानक मारामारीचा अपवाद कामाला येईल. पहिला घाव कोणी घातला आणि काठी पालखीबरोबरचीच होती की घरी जाऊन आणली, हे साक्षीदारांना आठवतं आहे तोवर वकिलाला सांगा.